बाटली एक, नाके अनेक

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या गल्लीतला एक मुलगा जर्मनीहून सुट्टीवर घरी आला. बीडचाच मुलगा. इथे शाळा, पुण्यात इंजिनिअरिंग आणि आता चार वर्षे परदेशात नोकरी. बॅग उघडली तशा त्यातून चॉकलेटे निघाली, आईसाठी स्वेटर निघाला, वडिलांसाठी घड्याळ निघाले आणि सगळ्यांत शेवटी, टॉवेलात गुंडाळलेल्या वाइनच्या दोन बाटल्या निघाल्या. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ. ते काही बोलले नाहीत, पण आईने टॉवेल तसाच परत गुंडाळला. मी तिथे फराळाला गेलो होतो, म्हणून विषय बदलावा या हेतूने मी विचारले, ‘‘अरे, विमानतळावर कस्टमवाल्यांनी अडवलं नाही का?’’ तो म्हणाला, ‘‘नाही काका, दोन लिटरपर्यंत चालतं.’’

कोपऱ्यात खाटेवर त्याचे आजोबा बसले होते. वय नव्वदीच्या पुढे. ऐकू कमी येते, पण हवे तेवढे नेमके येते. त्यांनी मान वर केली आणि विचारले, ‘‘का रं, करोडगिरी भरली का?’’

सगळे हसले. मुलाला तो शब्दच माहीत नव्हता. त्याच्या वडिलांनाही धड माहीत नव्हता. मी मात्र घरी येताना त्याच प्रश्नाचा विचार करत आलो. कारण आजोबांचा प्रश्न चुकीचा नव्हता. तो फक्त सत्तर-पंच्याहत्तर वर्षे उशिरा विचारला गेला होता.

करोडगिरी म्हणजे निजामाच्या राज्यातली सीमेवरची जकात. मोगल अमदानीत करोड दामांचा महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याला करोडी म्हणत, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात. आज आपण बीडहून नगरला जातो तेव्हा आष्टी मागे पडते आणि नगर जिल्हा कधी सुरू झाला ते एसटीतल्या प्रवाशाला कळतही नाही. पण १९४८ पर्यंत तो प्रवास एका राज्यातून दुसऱ्या राज्यातला होता. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा. हैदराबादचे चलन वेगळे, टपाल वेगळे, रेल्वे वेगळी आणि जकातही वेगळी. आपला रुपया ‘हाली’, त्यांचा ‘कलदार’. ढोबळ हिशेब असा की, सात हाली द्यावेत तेव्हा सहा कलदार मिळावेत.

निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात १८०२ मध्ये व्यापारी तह झाला आणि त्यात मालावर शेकडा पाच जकात ठरली. पुढे हा शेकडा पाचचा दर संस्थानात पिढ्यान् पिढ्या चालला. शंभराच्या मालावर पाच रुपये. ही रक्कम आज किरकोळ वाटेल. पण लग्नाचा बस्ता बांधून आणणाऱ्या शेतकऱ्याला ती किरकोळ नव्हती. त्यातून ही सीमा काही सरळ रेषेत नव्हती. जामखेडच्या बाजूला तर इंग्रजी आणि मोगलाई गावे एकमेकांत अशी मिसळलेली होती की, एखाद्याचे शेत एका राज्यात आणि सोयरे दुसऱ्या राज्यात. आपल्याकडचे जुने लोक निजामाच्या मुलुखाला ‘मोगलाई’च म्हणत.

माझी आजी नगरकडची, दिलेली आष्टीकडे. ती सांगायची की, माहेराहून मिळालेले नवे लुगडे घडी मोडून, एकदा पाण्यातून काढून, अंगावर नेसूनच नाका ओलांडायचा. वापरलेल्या कपड्याला जकात नाही. ‘‘माहेरचं लुगडं कोरं म्हणून कधी पेटीत ठेवलंच नाही,’’ असे ती म्हणायची. आजचा प्रवासी नव्या मोबाइलचे खोके परदेशातच टाकून येतो आणि फोन खिशात ठेवतो. आजीचीच युक्ती आहे ती.

हे नाके निजामाने निर्माण केले असे मात्र नाही. आपला हा मुलुख फार जुन्या काळापासून वाटेवरचा मुलुख आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रव्यापाराची माहिती देणारे एक छोटे पुस्तक लिहिले. ते ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखले जाते. त्यात भडोच बंदराची माहिती आहे आणि भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे लिहिले आहे. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर. नकाशावर पैठण ते तेर अशी सरळ रेघ ओढून पाहा. ती बीड शहराच्या अगदी जवळून, जवळजवळ मध्यावरच जाते.

या वाटेने कापड बैलगाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून जहाजावर चढे. बदल्यात काय येई? पेरिप्लसकर्त्याने दिलेल्या यादीत पहिल्याच काही शब्दांत वाइन आहे. इटलीची जास्त पसंत, शिवाय सीरियातल्या लाओदिकेयाची आणि अरबस्तानचीही, असे तो नोंदवतो. राजासाठी मात्र वेगळी, उंची वाइन आणावी लागे, हेही तो सांगतो. आपल्या शेजारच्या नेवाशाच्या उत्खननात भूमध्य समुद्राकडच्या धाटणीच्या, दोन कानांच्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. महाराष्ट्रात मिळालेले असे सगळेच तुकडे रोमन नव्हेत, काही इराणी आखाताकडच्या कुंभांचे आहेत, असे अभ्यासक आता म्हणतात. ते काहीही असो, परदेशची वाइन या घाटावरच्या मुलखात दोन हजार वर्षांपूर्वी येत होती. बीडला कुणी कुंभ उतरवला असा माझा दावा नाही. पण वाट इथून होती, एवढे नक्की.

आणि जिथे वाट तिथे नाका. भारतातून गेलेल्या मालावर रोमन साम्राज्यात मालाच्या चौथ्या हिश्श्याएवढी जकात घेत. म्हणजे शेकडा पंचवीस. आपल्याकडे नाणेघाटात दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर दारूचा एक स्वतंत्र अधिकारीच आहे, सुराध्यक्ष. द्राक्षापासून केलेल्या मद्याला त्या ग्रंथात ‘मधु’ म्हटले आहे आणि त्याचे जे दोन प्रकार दिले आहेत ते दोन्ही परक्या, वायव्येकडच्या मुलखाच्या नावाचे आहेत. त्यांतला एक कापिशायन, म्हणजे अफगाणिस्तानातल्या कपिशेचा. सरकारी नसलेला असा माल विकणाऱ्याने शुल्क किती द्यावे? शेकडा पाच. कौटिल्याचा आणि निजामाचा दर एकच निघावा हा योगायोग. पण नाकेदाराची बुद्धी काळाप्रमाणे फार बदलत नाही, असे मला तो पाहून वाटले.

आता आपल्या आजोबांच्या काळाकडे वळू. निजामाच्या राज्यात दारूकडे दोन खाती पाहत. सीमेवर करोडगिरी आणि सीमेच्या आत अबकारी. अबकारी म्हणजे राज्यातच तयार होणाऱ्या दारूवरचा आणि ताडी-शिंदीवरचा कर. फसली सन १३१६ चा, म्हणजे साधारण १९०६-०७ चा, त्याचा स्वतंत्र कायदा होता. अबकारी हे संस्थानाच्या उत्पन्नाच्या मोठ्या साधनांपैकी एक होते. मोहाची दारू आणि शिंदीच्या झाडाचा रस यांवर सरकारी तिजोरीचा मोठा हिस्सा भरे. नदी-ओढ्याच्या काठी शिंदीचे झाड कुणाच्या शेतात उभे असले, तरी त्याच्या रसावर हक्क सरकारचा आणि सरकारकडून मक्ता घेणाऱ्याचा. म्हणजे शेतकऱ्याने कोरे कापड आणले तरी सरकारला पैसे आणि त्याच शेतकऱ्याने संध्याकाळी शिंदी प्यायली तरी सरकारला पैसे.

म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात लोकांचा राग नेमका या दोन ठिकाणी निघाला. स्टेट काँग्रेस १९३८ मध्ये स्थापन होताच तिच्यावर बंदी आली. तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे आपल्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. बीड जिल्ह्याने त्यांना शिक्षक म्हणून पाहिले आणि मग नेता म्हणून. १५ ऑगस्ट १९४७ ला त्यांना हैदराबादेत अटक झाली. पुढचा लढा दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आदींच्या कृती समितीने सीमेबाहेरून चालवला. नगर, सोलापूर अशा शेजारच्या जिल्ह्यांत, सीमेलगत कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. त्या कॅम्पांचे कार्यक्रम काय होते? एक, करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले. दोन, शिंदीची झाडे तोडणे.

आज हे वाचताना नवल वाटते. स्वातंत्र्यासाठी झाडे का तोडायची? पण त्या झाडाला लागलेले मडके सरळ सरकारी खजिन्यात गळत होते, हे शेतकऱ्याला शिकवावे लागले नाही. नाका जाळला की, राज्याची सीमा लोकांच्या मनातून पुसली जाई आणि शिंदी तोडली की, राज्याचे उत्पन्न तुटे. आमच्या त्या खाटेवरच्या आजोबांचे वय तेव्हा चौदा-पंधरा असेल. त्यांना करोडगिरी हा शब्द विसरता येत नाही, तो यामुळे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. हाच आपला मुक्तिदिन.

आता कुणालाही वाटेल की, त्या दिवशी नाके संपले. तसे झाले नाही. इतिहासात राजवट एका दिवसात बदलते, नाका बदलायला वर्षे लागतात. संस्थानांचा कारभार जकातीवर चालत होता, ती एकदम बंद केली तर पगार कशातून द्यायचे? म्हणून राज्यघटनेच्या कलम ३०६ ने अशा राज्यांना केंद्राशी करार करून काही काळ ही जकात चालू ठेवण्याची सवलत दिली. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा घटनादुरुस्तीने ते कलमच काढून टाकले गेले.

याच मधल्या काळात सीमेवर एक गंमत झाली. मुंबई राज्याने दारूबंदी कायदा १९४९ मध्ये केला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी आणली. म्हणजे नगर जिल्हा कोरडा आणि इकडे हैदराबाद राज्यात अबकारीचे उत्पन्न चालूच. आतापर्यंत नाका पाही की, नगरकडून बीडकडे काय आले. आता पोलीस पाहू लागले की, बीडकडून नगरकडे काय निघाले. बाटली तीच, रस्ता तोच. फक्त गुन्हा कोणत्या दिशेने जाताना होतो, ते बदलले.

तिकडे मुंबईत हाच प्रश्न न्यायालयात पोहोचला. एफ. एन. बलसारा नावाच्या नागरिकाने दारूबंदी कायद्याला आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बीअर, औषधी वाइन, अगदी ओ-द-कोलोन आणि लव्हेंडरचे पाणीसुद्धा जवळ बाळगण्याचा, वापरण्याचा आणि कस्टमच्या सीमेवरून ते आणण्या-नेण्याचा आपल्याला हक्क आहे, अशी त्यांची मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निकाल दिला. न्यायमूर्ती फझल अली यांनी तो लिहिला. औषधे आणि प्रसाधने यांतल्या मद्यार्कावरची बंदी न्यायालयाने रद्द केली, पण कायद्याचा मुख्य भाग टिकवला. लष्कराच्या उपाहारगृहांना आणि परदेशी पाहुण्यांना दिलेल्या सवलतीही टिकल्या.

या निकालातला एक मुद्दा आपल्या आजच्या विषयाचा कणा आहे. बलसारांच्या बाजूचे म्हणणे असे की, परदेशातून माल आणणे हा केंद्राचा विषय, मग राज्य त्यावर बंदी कशी घालते? न्यायालयाने उत्तर दिले की, माल कस्टमच्या सीमेवरून आत आणणे ही एक गोष्ट आणि आत आल्यावर तो बाळगणे, विकणे, पिणे ही दुसरी. पहिली केंद्राच्या हाती, दुसरी राज्याच्या. साध्या भाषेत सांगायचे तर, एका बाटलीला दोन मालक आहेत. विमानतळाच्या दारापर्यंत एक आणि दाराबाहेर दुसरा.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५९ च्या विस्तार कायद्याने मुंबईचा दारूबंदी कायदा राज्याच्या उरलेल्या भागांनाही लागू झाला आणि आपली जुनी अबकारी इतिहासजमा झाली. १९६० नंतर महाराष्ट्राने ही दारूबंदी हळूहळू सैल केली. दुकाने आली, परवाने आले. पण कायदा रद्द झाला नाही. आज तो ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ या नावाने ओळखला जातो आणि त्याच दारूबंदी कायद्याखाली राज्यात दारूची दुकाने चालतात! दुकानावर पाटी असते ‘वाइन शॉप’ची आणि आत वाइन सोडून बाकी सगळे जास्त खपते. कायद्याने पाहिले तर या राज्यात मद्य बाळगायला आणि प्यायला आजही परवाना लागतो. किती जणांकडे तो असतो, हे ज्याचे त्याने मनाशी तपासावे.

बाकीच्या मालाचे नाके मात्र एकेक करून गेले. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, त्याच दिवशी मुंबई महापालिकेची जकात संपली. राज्यांच्या सीमेवर करासाठी ट्रकच्या रांगा लावणारी विक्रीकराची ठाणी उठली. माझ्या आजीने ओले करून नेसलेले लुगडे आज देशात कुठूनही कुठे न्यावे, कुणी विचारणार नाही. पण एक वस्तू त्यातून जाणूनबुजून बाहेर ठेवली गेली, ती म्हणजे माणसाने प्यायचे मद्य. राज्यांनी त्यावरचा आपला कर सोडला नाही. म्हणजे करोडगिरी साऱ्या मालासाठी मेली आणि बाटलीपुरती जिवंत राहिली. आजोबांचा प्रश्न चुकीचा नव्हता असे मी म्हटले, ते याचसाठी.

आता त्या मुलाच्या दोन बाटल्यांचा हिशेब करू. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला मद्य किंवा वाइन मिळून दोन लिटरपर्यंत करमुक्त आणता येते. वाइनची बाटली साधारण पाऊण लिटरची. दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तो हिरव्या वाटेने निघाला ते बरोबर. तिसरी बाटली घेतली की, सव्वादोन लिटर झाले. मग लाल वाटेने जाऊन आपण होऊन सांगावे आणि जास्तीच्या मद्यावर शुल्क भरावे. इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. प्रवासी सामानाचा जो सर्वसाधारण दर असतो तो मद्याला लागत नाही. मद्याला मद्याचाच भारी दर लागतो. आयात वाइनचा दर वर्षानुवर्षे शेकडा दीडशे राहिला आहे. अलीकडे काही देशांशी झालेल्या करारांनी त्यात सूट येऊ लागली. ऑस्ट्रेलियाशी झालेला असा करार डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आला. कौटिल्याच्या पाचावरून आपण दीडशेवर आलो, एवढेच.

पण हा हिशेब करताना मला आमच्या जिल्ह्यातली दुसरी माणसे आठवली. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक भरभरून ऊसतोड कामगार निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातात, कुणी सीमा ओलांडून कर्नाटकातल्या कारखान्यांवर. पाच-सहा महिने पाचटाच्या झोपडीत काढून उन्हाळ्यात परत येतात. तेही सीमा ओलांडूनच घरी येतात. त्यांच्यातल्या एखाद्याने तिकडची एक बाटली पिशवीत आणली, तर परवान्याशिवाय परराज्यातले मद्य आणले म्हणून तो गुन्हा ठरतो. फ्रँकफर्टहून येणाऱ्याला दोन लिटर माफ आणि कर्नाटकातून येणाऱ्याला घोटभरही माफ नाही. दोघेही बीडचेच, दोघेही पोटासाठीच बाहेर गेलेले. ऊसतोड्याने दारू आणावी असे मी म्हणत नाही. त्या वस्त्यांवर दारूने काय केले आहे, ते तिथल्या बायकांना विचारा. माझे म्हणणे इतकेच की, नाका कुठे आहे यावरून कुणाला सूट आणि कुणाला गुन्हा हे ठरत असेल, तर त्या नाक्याला प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे. १९४७ मध्ये आपल्या माणसांनी तो विचारला होता.

आणि बायकांचे नाव निघाले, तर अजून एक नाका सांगून थांबतो. महाराष्ट्रात गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिलांनी मतदान करून दारूचे दुकान बंद करता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला पुरेशी मते पडली की दुकान बंद. निजामाचा नाका तिजोरीसाठी होता, विमानतळाचाही तिजोरीसाठीच आहे. हा एकच नाका घरासाठी आहे आणि त्यावर नाकेदार म्हणून घरातली बाई उभी आहे.

त्या दिवशी निघताना मी आजोबांच्या कानाशी जाऊन सांगितले, ‘‘आबा, करोडगिरी माफ झाली, दोन लिटरपर्यंत.’’ त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘‘सरकारची माफ झाली असंल. आईची झाली का, ते इचार.’’

टॉवेलातल्या त्या दोन बाटल्या आईने कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या होत्या. पौष सरला, मुलगा जर्मनीला परत गेला. परवा विचारले तर कळले की, त्या अजून तिथेच आहेत.